नवख्यासाठी सपोर्ट क्लास: कोणता घ्यायचा, कसा चालवायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या, पात्र बनून खेळायच्या खेळाचा नवा गट जमला की फायटर (लढवय्या), रोग (लपूनछपून वार करणारा) आणि विझार्ड (जादूगार) हे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, पहिल्या दहा मिनिटांत संपतात. सीताबर्डीच्या गर्दीत अडकून जो उशिरा पोचतो, त्याच्या हातात उरलेला क्लेरिकचा, म्हणजे देवाच्या बळावर जादू करणाऱ्याचा, कागद येतो आणि वर सांगणं, "भाऊ, तू आपला डॉक्टर." हे पान त्या उशिरा आलेल्यासाठी आहे. लवकर आलेल्यांनीही वाचलं तर त्याचं काम हलकं होईल. आकडे पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या नियमांप्रमाणे. २०२४च्या सुधारित नियमांत जे बदललं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

सपोर्ट म्हणजे फक्त हीलिंग ना?

नाही, आणि बहुतेक नवखे नेमके इथेच फसतात. या खेळात हीलिंग हे मारापेक्षा कायम मागे असतं. साधा हिशेब करून पाहा. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकचं क्युअर वुंड्स हे स्पेल (मंत्र) १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक विझडम या गुणाचे ३, म्हणजे सरासरी साडेसात हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) भरून देतं. समोर बगबेअर (एक धिप्पाड राक्षस) असेल तर त्याचा एक घाव सरासरी ११चा. तुम्ही तुमची पूर्ण पाळी आणि दोनपैकी एक स्पेल स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) घालवला, त्याने फक्त एकदा हात उचलला, आणि तरी तुम्ही साडेतीनने मागेच.

म्हणून सपोर्टवाल्याचं खरं काम वेगळं. आपल्या लोकांचे फासे चांगले पडावेत, शत्रूचे घाव चुकावेत आणि कोणी पडलाच तर त्याची पुढची पाळी वाया जाऊ नये, एवढं पाहायचं. जखम भरणं हे यातलं सगळ्यात महागडं काम आहे, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

एका ओळीत सांगा, पहिल्यांदा कोणता घेऊ?

लाइफ डोमेनचा (म्हणजे लाइफ शाखेचा) क्लेरिक.

काहून? क्लेरिक तर कंटाळवाणा म्हणतात.

कंटाळवाणा तो, जो दर पाळीला "मी हील करतो" म्हणून मोबाइल उघडतो. क्लेरिक सुचवण्याचं मोठं कारण असं की त्याच्या चुका दुरुस्त होतात. क्लेरिकला आपल्या लेव्हलचे यादीतले सगळे स्पेल खुले असतात. रोज सकाळी, म्हणजे लाँग रेस्टनंतर, त्यातले काही तो तयार करतो. आज चुकीचे निवडले? उद्या बदला. बार्डचं, म्हणजे गाण्यातून जादू करणाऱ्याचं, तसं नाही. त्याने पहिल्या लेव्हलला चार स्पेल निवडले की निवडले. नंतर लेव्हल वाढेल तेव्हा एक बदलता येतो. ज्याने खेळ अजून पाहिलेलाच नाही, त्याला अशी बांधून घालणारी निवड करायला लावणं बरोबर नाही.

दुसरं कारण चिलखत. लाइफ डोमेनला जड चिलखत चालतं. चेन मेल १६ आणि ढाल २, मिळून एसी (घाव बसायला हल्ल्याने गाठायचा आकडा) १८. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा हल्ला +४चा असतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात ४ मिळवायचे. त्याला १८ गाठायला फाशावर १४ किंवा जास्त लागतात, म्हणजे वीसपैकी सातच वेळा घाव बसतो. नवखा माणूस चुकीच्या घरात जाऊन उभा राहणारच. एसी १८ असला की ती चूक पचते.

तिसरं कारण खिशाचं. खेळाच्या कंपनीने नियमांचा जो भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली २०२३मध्ये मोकळा केला, त्यात क्लेरिकचं एकच डोमेन आहे आणि ते लाइफ. पुस्तक न घेता, कोणाची चोरीची पीडीएफ न वापरता, लागणारी सहा-सात पानं झेरॉक्सच्या दुकानात छापून आणता येतात.

मला बोलायला, गाणी म्हणायला आवडतं. बार्ड घेतला तर बिघडतं का?

बिघडत नाही. फक्त काम कुठे वाढतं ते ओळखून घ्या. बार्डचं मुख्य हत्यार म्हणजे बार्डिक इन्स्पिरेशन: बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य ॲक्शनसोबतची छोटी कृती) ६० फुटांतल्या एका साथीदाराला डी६ द्यायचा, तो त्याने पुढे आपल्या हल्ल्यात, चेकमध्ये (काम जमतं का पाहायचा फासा) किंवा सेव्हिंग थ्रोमध्ये (धोका टाळायचा फासा, थोडक्यात सेव्ह) मिळवायचा. २०१४मध्ये तो दहा मिनिटं टिकतो, २०२४मध्ये तासभर. करिश्मा या गुणाचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) जितका तितक्या वेळा, म्हणजे साधारण तीनदा. पाचव्या लेव्हलपर्यंत तो लाँग रेस्टनंतरच परत मिळतो.

अडचण अशी की दिलेला डी६ घेणारा विसरतो. लढाई संपते आणि तो फासा तसाच पडून राहतो. बार्ड खेळणाऱ्याला स्वतःचं सांभाळून दुसऱ्याच्या पाळीवरही लक्ष ठेवावं लागतं. ज्याला चार-पाच सेशनचा सराव आहे, त्याला हे जमतं. पहिल्याच दिवशी घ्यायचाच असेल तर चार स्पेलमध्ये हीलिंग वर्ड डोळे झाकून घ्या.

मला मारामारी पण करायची आहे.

मग पॅलाडिन, म्हणजे थोडी दैवी ताकद असलेला योद्धा. त्याच्या ले ऑन हँड्समध्ये (स्पर्शाने जखम भरणं) लेव्हलच्या पाचपट पॉइंट असतात. पहिल्या लेव्हलला ५. हे पॉइंट एकेक करून वाटता येतात आणि त्यातच गंमत आहे. पडलेल्या माणसाला उठायला एकच हिट पॉइंट पुरतो, म्हणजे ५ पॉइंटांत पाच वेळा माणूस उभा करता येतो. एकावर सगळे ओतू नका. २०१४मध्ये याला पूर्ण ॲक्शन लागते, २०२४मध्ये बोनस ॲक्शन, त्यामुळे नव्या नियमांत पॅलाडिन नवख्यासाठी बराच सोपा झाला आहे. मात्र स्पर्श करावा लागतो. पडलेला विझार्ड ४० फुटांवर असेल तर पॅलाडिन धावतच राहतो.

ड्रुइडबद्दल (निसर्गाची जादू करणारा) थोडक्यात: गुडबेरी हा फार गुणी स्पेल (एका स्लॉटमध्ये १० बोरं, प्रत्येकी १ हिट पॉइंट, २४ तास टिकतात), पण दुसऱ्या लेव्हलला वाइल्ड शेप (प्राण्याचं रूप घेणं) आला की प्राण्यांचे तक्ते सोबत बाळगावे लागतात. पहिल्या खेळाला नको.

२०१४चे नियम की २०२४चे? फरक पडतो का?

क्लेरिकला चांगलाच पडतो, म्हणून कागद भरण्याआधी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारा. २०१४मध्ये डोमेन पहिल्याच लेव्हलला मिळतं. २०२४मध्ये ते तिसऱ्या लेव्हलला येतं आणि पहिल्या लेव्हलला डिव्हाइन ऑर्डर निवडावी लागते: प्रोटेक्टर घेतलं की जड चिलखत, थॉमॅटर्ज घेतलं की एक जादा कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल). नवख्याने प्रोटेक्टर घ्यावं.

इथे एक खोच आहे. २०२४च्या तयार सामानात क्लेरिकला चेन शर्ट मिळतो, चेन मेल नाही. प्रोटेक्टर निवडूनही अनेक जण तोच अंगात घालून बसतात आणि एसी १५-१६वर अडकतो. सामानाऐवजी ११० सोन्याची नाणी घ्या: चेन मेल ७५, ढाल १०, गदा ५, होली सिंबॉल (देवाचं चिन्ह) ५. एकूण ९५; वर १५ उरतात.

हीलिंगचे फासेही २०२४मध्ये दुप्पट झाले: क्युअर वुंड्स २डी८, हीलिंग वर्ड २डी४. अर्धे खेळाडू जुन्या पुस्तकातून आणि अर्धे नव्यातून वाचत असले की भांडण ठरलेलं. एकच धरा.

कागद नेमका कसा भरू? आकड्यांसकट सांगा.

२०१४च्या नियमांनी एक तयार नमुना घ्या, हिल ड्वार्फ (बुटक्यांचा एक वंश), लाइफ क्लेरिक, लेव्हल १. ठरलेले सहा आकडे असतात: १५, १४, १३, १२, १०, ८. ते असे लावा: विझडम १५, कॉन्स्टिट्यूशन १४, स्ट्रेंग्थ १३, करिश्मा १२, डेक्सटेरिटी १०, इंटेलिजन्स ८. हिल ड्वार्फ म्हणून विझडममध्ये १ आणि कॉन्स्टिट्यूशनमध्ये २ वाढतात, म्हणजे दोन्ही १६. मॉडिफायर दोन्हींचा +३.

हिट पॉइंट: क्लेरिकचे ८, कॉन्स्टिट्यूशनचे ३, हिल ड्वार्फचा १. एकूण १२.
एसी: १८.
स्पेल सेव्ह डीसी (तुमचा स्पेल चुकवायला शत्रूने गाठायचा आकडा): ८ + २ (सरावाचा बोनस) + ३ = १३. स्पेलचा हल्ला +५.
गदा: मारायला +३, नुकसान १डी६ + १.

चेन मेलला स्ट्रेंग्थ १३ लागते. कमी असेल तर वेग १० फुटांनी घटतो. २०१४च्या ड्वार्फला ही अट लागत नाही, पण ड्वार्फ न घेता माणूस घेतलात तर स्ट्रेंग्थ १३च्या खाली जाऊ देऊ नका. आणि चेन मेलमध्ये लपून चालण्याच्या चेकला डिसॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरणं) असतो. रोगबरोबर पुढे टेहळणीला जायचा उत्साह आवरा.

स्पेल कोणते तयार करू? यादी पाहूनच डोकं फिरतं.

या नमुन्याला विझडमचे ३ अधिक लेव्हलचा १, असे चार स्पेल तयार करता येतात. लाइफ डोमेनचे ब्लेस (साथीदारांच्या फाशांत डी४ मिळवून देणारा) आणि क्युअर वुंड्स वरून फुकट, ते या चारांत मोजायचे नाहीत. हीच चूक सगळ्यात जास्त होते: लोक हे दोन्ही चारांत धरतात आणि दोन जागा वाया घालवतात.

चार जागांत हीलिंग वर्ड (दुरून जखम भरणारा), गायडिंग बोल्ट (हल्ल्याचा), शील्ड ऑफ फेथ (एसी वाढवणारा) आणि डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखणारा). शेवटचा रिच्युअल म्हणून, दहा मिनिटं जास्त घेऊन, स्लॉट न घालवता करता येतो. कॅन्ट्रिप तीन: सेक्रेड फ्लेम, गायडन्स आणि लाइट. ड्वार्फला अंधारात दिसतं, पण सोबतच्या माणसाला दिसत नाही, लाइट त्याच्यासाठी.

गायडन्सबद्दल एक सवय लावून घ्या. लढाई चालू नसताना कोणीही दार उघडायला, पावलांचे ठसे शोधायला, पहारेकऱ्याला पटवायला पुढे झाला की लगेच म्हणा, "थांब, गायडन्स." त्याच्या चेकला १डी४ मिळतो, खर्च काहीच नाही. मात्र फासा पडल्यावर आठवलं तर डीएमने ते मान्य करू नये, नाहीतर खेळ रेंगाळतो.

लढाईत पाळी आली की करू काय? एक उदाहरण द्या.

चार गॉब्लिन विरुद्ध फायटर, रोग, विझार्ड आणि तुम्ही. हातात दोन स्लॉट.

पहिली पाळी: तिघे ३० फुटांत, म्हणजे पटावरच्या सहा घरांत आहेत का पाहा आणि फायटर, रोग व विझार्डवर ब्लेस टाका. मग गॉब्लिनपासून दूर सरका, पण फायटरच्या मागे फार लांब जाऊ नका. पुढच्या पाळीपासून दर वेळी सेक्रेड फ्लेम: गॉब्लिनने डेक्सटेरिटीचा सेव्ह १३ गाठायचा, त्याचे +२ असतात, म्हणजे निम्म्या वेळा तो चुकतो आणि १डी८ लागतात. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. दोन-तीन फटक्यांत एक पडतो. दुसरा स्लॉट तसाच राखून ठेवा. तो हीलिंग वर्डसाठी.

गायडिंग बोल्ट (४डी६, सरासरी १४) इथे मोह घालेल. ७ हिट पॉइंटांच्या गॉब्लिनवर १४ म्हणजे मच्छर मारायला लाठी, आणि एसी १५वर तो पंचेचाळीस टक्के वेळा हुकतोच. तो स्पेल २७ हिट पॉइंटांच्या बगबेअरसाठी ठेवा. लागला तर त्या बगबेअरवरच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हांटेजही (दोनदा फासा टाकून जास्त आकडा धरणं) मिळतो. तुमच्यामागे रोगची पाळी असेल तर सोन्याहून पिवळं.

ब्लेसमधल्या एका डी४ने असा काय फरक पडतो?

फायटरचा हल्ला +५, गॉब्लिनचा एसी १५. फाशावर १० हवेत, म्हणजे ५५ टक्के. डी४ मिळवला की हेच साडेसदुसष्ट टक्के होतं. तीन जणांना, एका मिनिटापर्यंत, म्हणजे दहा राउंड (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी), एका स्लॉटमध्ये. शिवाय त्यांच्या सेव्हिंग थ्रोलाही लागू. दुसऱ्या कुठल्या पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये एवढं मिळत नाही. फक्त साध्या चेकना तो लागत नाही.

खरी अडचण गणिताची नसून विसरण्याची आहे. तिघांपैकी दोघे डी४ टाकायलाच विसरतात आणि "१४ला हुकलं ना बे" म्हणून बसतात. उपाय साधा: ब्लेस टाकताक्षणी एकेक खरा डी४ तिघांच्या कागदावर नेऊन ठेवा. तेवढे डी४ नसतील तर चिंचोका ठेवा. ब्लेस तुटला की स्वतःच्या हाताने उचलून घ्या. डोळ्यासमोर वस्तू असली की विसरत नाहीत.

ब्लेस मध्येच "तुटतो" म्हणजे काय?

ब्लेसला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे सतत लक्ष धरून ठेवणं, लागतं. असा एकच स्पेल एका वेळी चालतो. ब्लेस चालू असताना शील्ड ऑफ फेथ टाकला की ब्लेस त्याच क्षणी गेला. गायडन्सलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. कागदावर या तीन नावांपुढे लाल पेनाने "कॉ" लिहून ठेवा.

दुसरं, तुम्हाला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह: १० किंवा नुकसानाच्या निम्मे, यांत जे जास्त ते गाठायचं. ११चा घाव बसला तरी १०च. +३ असतील तर फाशावर ७ पुरतात. दोनदा मार बसला तर दोन वेगळे सेव्ह. ब्लेस तुम्ही स्वतःवरही घेऊ शकता, मग या सेव्हलाही डी४ मिळतो. पण विझार्ड हल्ल्याचे स्पेल टाकत असेल तर त्याचा वाटा कापू नका.

मग हील नेमकं कधी करायचं?

कोणी शून्यावर गेला की, आणि तेही हीलिंग वर्डने. १डी४ अधिक ३ म्हणजे सरासरी साडेपाच; लाइफ डोमेनचे २ अधिक स्पेलची लेव्हल १, असे ३ आणखी मिळून साडेआठ. आकडा लहान दिसतो, पण ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये होतं आणि पडलेला माणूस उठतो. उभ्या माणसाचे १ आणि १२ हिट पॉइंट सारखेच मारतात.

पण पाळीचा क्रम पाहिल्याशिवाय तोंड उघडू नका. समजा क्रम असा आहे: तुम्ही, बगबेअर, फायटर. पडलेल्या फायटरला तुम्ही उठवलंत, लगेच बगबेअरची पाळी, त्याने ११ मारले, फायटर परत खाली. स्लॉट गेला, फायटरला पाळी मिळालीच नाही. क्रम तुम्ही, फायटर, बगबेअर असेल तर तोच स्पेल सोन्याचा. बेशुद्ध पडताना माणूस आडवा होतो आणि हातातलं हत्यार सुटतं: उठायला निम्मी चाल जाते, हत्यार उचलणं त्या पाळीत फुकटात होतं. तलवार खाली आहे हे फायटर विसरला तर डीएम विसरणार नाही.

"आधी पडू दे, मग उठव" हा नियम मोठ्या लेव्हलला बरा. पहिल्या लेव्हलला त्यात एक खड्डा आहे. शून्यावर जाऊन जेवढं नुकसान उरतं ते त्या माणसाच्या कमाल हिट पॉइंटांइतकं झालं, तर तो जागीच मरतो. डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा) वगैरे काही नाही. ७ कमाल असलेला विझार्ड १ वर उभा आहे आणि बगबेअरने ८ मारले: एक गेला, सात उरले, विझार्ड संपला. ८ हा बगबेअरच्या सरासरीपेक्षाही खाली आहे. म्हणून कमी हिट पॉइंटांच्या माणसाला, मोठा शत्रू जवळ असेल तर, पडण्याआधीच भरा. फायटरला थांबू द्या.

पडलेला माणूस किती वेळ टिकतो?

आपल्या प्रत्येक पाळीला तो डी२० टाकतो. १० किंवा वर आलं की यश, खाली की अपयश. तीन यशांनी स्थिर, तीन अपयशांनी मृत्यू. १ पडला तर दोन अपयशं, २० पडला तर १ हिट पॉइंट घेऊन उठतो. पडलेल्याला मार बसला की एक अपयश, आणि पाच फुटांच्या आतून बसलेला घाव आपोआप क्रिटिकल (वर्मी बसलेला) धरतात म्हणून दोन. तेव्हा पडलेल्याशेजारी शत्रू उभा असेल तर लगेच उठवा. नसेल तर एक राउंड सेक्रेड फ्लेम मारायला हरकत नाही.

हीलिंग वर्ड आणि गायडिंग बोल्ट एकाच पाळीत चालतात का?

चालत नाहीत. २०१४मध्ये बोनस ॲक्शनचा स्पेल टाकला की त्या पाळीत सोबत फक्त कॅन्ट्रिप. २०२४मध्ये एका पाळीत एकच स्लॉट. हीलिंग वर्ड आणि सेक्रेड फ्लेम मात्र दोन्हीकडे चालतं, आणि तीच तुमची रोजची जोडी.

एका हातात ढाल, दुसऱ्यात गदा. मग स्पेल कसा टाकायचा?

बरेच डीएम याकडे काणाडोळा करतात, पण नियम असा: होली सिंबॉल ढालीवर कोरून घेतलं की ब्लेससारखे साहित्य लागणारे स्पेल ढालीच्या हातानेच होतात. क्युअर वुंड्स आणि सेक्रेड फ्लेमला साहित्य लागत नाही, हातवारे लागतात. त्याला रिकामा हात हवा. हीलिंग वर्डला नुसता आवाज पुरतो. सगळ्यात सोपं म्हणजे गदा कमरेलाच खोचून ठेवा. +३ने १डी६ + १ मारण्यापेक्षा सेक्रेड फ्लेम तसंही बरं.

सगळे मलाच ओरडतात, "मले हील कर!" काय करू?

उत्तर एकच: "किती उरले आणि तुझ्यानंतर कोणाची पाळी?" बाराचे नऊ उरलेला माणूस ओरडत असेल तर त्याला ढालीमागे जायला सांगा. लढाईनंतर शॉर्ट रेस्ट घेतली की प्रत्येक जण स्वतःच्या हिट डायमधून (विश्रांतीत टाकायचे राखीव फासे) भरून घेतो, तुमचा स्लॉट लागत नाही. आणि दुकान दिसलं की प्रत्येकाने एक पोशन ऑफ हीलिंग घ्यावं: ५० सोन्याची नाणी, २डी४ + २. हीलर्स किट ५ नाण्यांचं, दहा वेळा चालतं, कुठलाही फासा न टाकता पडलेल्याला स्थिर करतं. ते फायटरच्या झोळीत टाका. क्लेरिकच पडला तर त्याला कोण उठवणार, याचं उत्तर खेळ सुरू होण्याआधी ठरलेलं असावं.

क्लेरिक म्हणजे पुजारीच का? देव कोणता धरू?

काल्पनिकच धरा. एका टेबलावर चार घरचे चार जण असतात. खऱ्या दैवताचं नाव घेतलं की थट्टेत एखादा शब्द वाकडा जातो आणि खेळ बाजूला राहतो. डीएमच्या जगातला देव घ्या किंवा त्याला विचारून नवा घडवा. पुजारी असायलाच हवं असंही नाही. सुईण, वैदू, अन्नछत्राचा मुख्य आचारी, कोणीही लाइफ क्लेरिक होतं. नागपूरकरांना तर आयता मसाला आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते आणि लोक "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून रोगराई गावाबाहेर धाडतात. आपल्या पात्राचा पंथही वर्षातून एकदा गावाची पीडा पुतळ्यात भरून वेशीबाहेर जाळतो, एवढं डीएमला सांगितलं तरी त्याला दोन सेशनचं कथानक मिळतं. पुतळा जळलाच नाही तर?

सामान काय काय लागतं?

सात फाशांचा एक संच. डी४ दोन जास्तीचे. गायडिंग बोल्टला चार डी६ लागतात, ते लुडोच्या डब्यातून काढा. डी४ हरवला तर डी६ टाका आणि ५-६ आले की परत टाका. स्लॉट मोजायला चिंचोके: पहिल्या लेव्हलला दोन, दुसऱ्याला तीन. वापरला की डीएमकडे सरकवा. कागदावर खोडाखोड करत बसलात की चौथ्या लढाईत किती उरले यावर वाद होतो. उन्हाळ्यात कूलरसमोर बसत असाल तर कागद परीक्षेच्या पॅडला लावा, आणि तर्रीपोह्याची प्लेट दुसऱ्या टेबलावर. तर्रीचा डाग पडलेला कागद पुन्हा वाचता येत नाही.

पुढच्या लेव्हलला काय बदलतं?

दुसऱ्या लेव्हलला चॅनल डिव्हिनिटी ही खास दैवी ताकद: प्रिझर्व्ह लाइफने लेव्हलच्या पाचपट, म्हणजे १० हिट पॉइंट ३० फुटांतल्या लोकांत वाटता येतात, पण कोणालाही कमाल आकड्याच्या निम्म्यापेक्षा वर नेता येत नाही. २०२४मध्ये प्रिझर्व्ह लाइफ तिसऱ्या लेव्हलला, डोमेनबरोबर येतं. तिसऱ्या लेव्हलला एड हा स्पेल आठवणीने घ्या: तिघांचे कमाल आणि चालू हिट पॉइंट ५ने वाढतात, आठ तास, कॉन्सन्ट्रेशन नाही. स्पिरिच्युअल वेपन या स्पेलला २०१४मध्ये कॉन्सन्ट्रेशन नव्हतं, २०२४मध्ये लागतं. म्हणजे नव्या नियमांत ब्लेस आणि ते एकत्र चालत नाहीत.

पाचव्या लेव्हलला रिव्हिव्हिफाय, मेलेल्याला जिवंत करणारा स्पेल. मेल्यापासून एका मिनिटाच्या आत टाकायचा आणि ३०० नाण्यांचा हिरा लागतो, तो खर्ची पडतो. स्पेल आहे पण हिरा नाही, अशी पाळी बऱ्याच गटांवर येते. चौथ्या लेव्हललाच सगळ्यांकडून वर्गणी काढा.

आमचा गट पाथफाइंडर हा याच्यासारखाच दुसरा खेळ खेळतो. तिथेही क्लेरिकच का?

दुसऱ्या आवृत्तीत हो, आणि तिथे तो आणखी सोपा. हीलिंग फाँट या क्लेरिकच्या सोयीमुळे सुधारित नियमांत पहिल्या लेव्हललाच हीलचे चार जादा स्लॉट मिळतात, त्यामुळे बाकीचे स्लॉट मोकळे राहतात. दोन ॲक्शन देऊन ३० फुटांवर १डी८ + ८ भरतात. तिथे पडण्याआधी भरणं परवडतं. वरचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका.

परीक्षेमुळे एखाद्या रविवारी येणं जमलं नाही तर?

कागदाचा फोटो आणि तयार केलेले स्पेल डीएमला आदल्या रात्री पाठवा, सोबत दोन ओळी: पहिल्या पाळीला ब्लेस कोणावर आणि राखीव स्लॉट कोणासाठी. पात्र दुसऱ्या खेळाडूच्या हाती द्यायचं असेल तर फायटरवाल्याला देऊ नका. तो दोन्ही स्लॉट स्वतःवरच संपवतो.